माइक चालू राह्यला तवा

आसेगावच्या बसथांब्यावर अंजूच्या एका कानात ऑनलाइन कम्प्युटर क्लासचे सर होते, अन् दुसरा कान पुढच्या बाकावरच्या दोघींनी केव्हाच पळवला होता.

"सरिते, सोडला का व तू क्लास?"

"सोडूनच देत होती, रूपा. सारे पुण्याचे पोट्टे फाडफाड बोलतात. म्या तं माइकले हातच लावला नव्हता."

"मंग?"

"काल क्लास चालू असतानी मायनं इचारलं, काय करून राह्यली? म्हटलं, प्रोग्राम थांबतच नाही, माय. मोटर लावली अन् टाकी भरल्यावर बंद कराचं सांगतलंच नाही, तं पानी वाह्यतच राह्यते ना? तसंच झालं."

"बरोबर तं हाय."

"काय बरोबर! माइक चुकून चालू राह्यला होता ना बाप्पा!"

"अवो माय! सारे हासले असतीन!"

"मलेबी तेच वाटलं. कान गरम झाले माहे. तं मॅडम म्हणते, 'सरिता, सगळ्यांची हीच चूक झालीये. आईला सांगितलंस तसंच आम्हाला सांग.'"

"सांगतलं?"

"धडाधड! तं पुण्याचा एक पोट्टा म्हणते, 'मॅडम, माझीही टाकी वाहतेय!'"

"मंग आता नाही सोडत?"

"सोडू कायले? माय तं म्हणते, मी रोज बाजूले बसतो."

दोघी खदाखदा हसल्या. अंजूनं छातीभर श्वास घेतला अन् फोनवरचं आजवर कधीच न दाबलेलं माइकचं चिन्ह दाबलं.

"सर, मी अंजू. मले एक इचाराचं हाय."