नुसती साखर

रडू नगा हो बाई, दोनशे चाळीस म्हंजी काय जग बुडालं न्हाई— दावा तो कागद इकडं. मला इंग्रजी येत न्हाई पर आकडं वाचता येत्यात, आमच्या मालकांपायी शिकले. हे वरचं उपाशीपोटीचं, ते शंभर-सव्वाशेच्या आत पायजे. हे खालचं जेवल्यावर दोन तासांनी घेतल्यालं. वाढलंय म्हून तहान भागत न्हाई, रातीचं सारखं उठावं लागतं— व्हय ना? तेच. गोळीनं उतरतं. फकस्त उतरलं म्हून गोळी सोडू नगा, मालकांनी सोडली आन् परत चढली. साखरंऐवजी गूळ चालतो म्हून कुणी सांगितलं तर ऐकू नगा, रगताला दोन्ही सारखंच. भाकरी खावा, पर बेतानं. आन् लाज कशाची? साखरंची कुणी लाज धरतं व्हय? लाज वाटावी आसलं दुसरंच असतं.

आमचे मालक टेम्पो चालवायचे— तळेगाव ढमढेऱ्यावरनं भाजीपाला भरून वाशीला. गडी कसा, पैलवानागत. आन् एका उन्हाळ्यात वाळतच गेले. पँट कमरंवर ठरंना. खायचे दुप्पट, तरी हाडं वर. त्या वक्ताला स्टँडवर एड्सच्या पाट्या लागलेल्या, टीव्हीवर बी तेच— डायवर लोकांनी जपून ऱ्हावा. मी आले की नळावरच्या बाया बोलायच्या थांबायच्या. मग मी काय केलं— जाऊ द्या. न्हाई, सांगते. त्येंचं ताट येगळं केलं. तांब्या येगळा. कापडं काठीनं उचलून भिजवायची. पोरींना माहेरी पाबळला धाडलं, सुट्टी हाय म्हून. ते ताटाकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे, आन् गप जेवायचे. मला वाटायचं, हा माणूस बोलत कसा न्हाई? दुसऱ्या कुणी ताट भिरकावून दिलं आसतं का न्हाई?

मग एक दिवस टेम्पो चालवतानाच चक्कर आली, गाडी चारीत गेली. जीव वाचला. दिरांनी हितं आणलं, ह्याच डॉक्टरांकडं. रगात घेतलं. डॉक्टर म्हणले, ‘साखर आहे, जालिंदरराव. चारशेच्या वर गेलीय.’ तर हे म्हणले, ‘साखरच ना? दुसरं काय न्हाई ना?’ डॉक्टर म्हणले, ‘अजून काय पाहिजे तुम्हाला?’ तरी इचारत्यात— ‘नक्की ना सायेब? नुसती साखर?’ आन् डॉक्टरांचं पाय धरून हुंदके दिऊन रडले. येवढा मोठा माणूस! डॉक्टर हसले, म्हणले, ‘गिताबाई, साखर निघाली म्हणून आनंदानं रडणारा पेशंट मी पहिलाच बघतोय.’ मी बी हसले. आन् हसता हसता, बाई, माझं त्वांड तसंच ऱ्हायलं. माझं आसू द्या— मी लोकांचं ऐकून भ्याले. पर त्येंना कशाचं भ्याव व्हतं? त्येंना का वाटावं, दुसरं काय निघंल म्हून? मी बघत ऱ्हायले त्येंच्याकडं. त्येंनी मान वर केली न्हाई.

घरी आल्यावर ते ताट घासलं आन् बाकीच्या भांड्यात मिसळून टाकलं. त्येंनी बघितलं. ताट येगळं का केलं व्हतंस, हे त्येंनी इचारलं न्हाई. आन् मला इचारायचं ते मी इचारलं न्हाई. कुठल्या तोंडानं इचारू? आज पोरींची लग्नं झाली तरी न्हाई. गोळी चुकू देत न्हाई, रोज पाय बघते, बोटांच्या बेचक्यात जखम न्हाई ना म्हून. लोक म्हणत्यात, गिताबाई लई करती नवऱ्याचं. करते. करायलाच पायजे मला. दौंडला मावसबहिणीकडं जाते म्हून सांगून मी माझं रगात बी तपासून आले व्हते— हितं सगळी वळखीची. साखरंचं न्हाई हो. त्या पाट्यांवरल्या रोगाचं. काय निघालं न्हाई. तरी येताना सगळ्या वाटंनं पदर तोंडावर धरून बसले व्हते, जणू निघालंच... हे कुणाला बोलले न्हाई मी. तुमाला कशाला सांगितलं?

गप. आले ते.

या, बसा. कापूस दाबून धरा. डबा सोडते, खाऊन घ्या, दोन तासांनी परत रगात घ्यायचंय. ह्या व्हय? न्हाई, वळखीच्या न्हाईत. साखरंचं इचारत व्हत्या.

जावा हो बाई. तुमचं नाव पुकारत्यात. जावा.