दोन सूर्यांचा समुद्र

—नाही, नाही, बरोबर मोजलेत, बंधू रेम्मर्ट. दोनच आहेत. एक मोठा, त्याच्याखाली एक धाकटा. तुम्ही चर्चच्या मंडळीचे वडीलधारे, प्रभुभोजनाच्या आधी घरोघर फिरून आमची मनं तपासता, तुमच्या नजरेतून अख्खा सूर्य कसा सुटेल— त्या बाकावर नको, तो डुगडुगतो, इकडे बसा. फेम्मी, बंधूंची टोपी ठेव खाली. तीन वर्षांची आहे, कशाकशाला घाबरायचं ते अजून कळत नाही तिला, शिकवतेय मी— तर हे समुद्राचं चित्र. आपल्या या एंकहाउझेन बंदरात निम्म्या घरांत समुद्राचं चित्र आहे, त्यात मूर्तिपूजा नाही, मी विचारून घेतलंय. आणि दोन सूर्यांचं म्हणाल तर तिकडे पूर्वेला, जावाच्या पलीकडे, दोन उगवतात. हो. माझ्या नवऱ्याने, योरिसने, कळवलंय. किनाऱ्यांची चित्रं काढायलाच तर त्याला जहाजावर घेतलंय, तो सूर्य मोजायला चुकेल होय? तुम्ही स्वतः जाऊन खात्री करून घ्या ना, जाऊन-येऊन दोन वर्षं लागतील— पण तुम्हाला कुठली सवड, इथलीच पापं एवढी साचलेली.

पत्र? पत्र बघायचंय? आता पत्र म्हणजे— तसं पत्र नाही आलेलं. चौदा महिने झाले. एक जहाज फुटलं म्हणतात, कुठलं ते मेलं कोणालाच सांगता येत नाही. बंदरात विचारलं तर सगळे एकदम दोर गुंडाळायला लागतात. मी शिकलेली आहे, बंधू, वडील शाळामास्तर होते माझे, मला नकाशा वाचता येतो. त्याचा काय उपयोग होतो सांगू? पाणी किती आहे ते नीट कळतं, बाकी काही नाही. ताक घ्या ना. जिऱ्याचं चीज आहे थोडं.

बरं, नाही कळवलं त्याने. सूर्यांचं मीच म्हणाले. कारण चूक माझीच आहे. समुद्र मी काढला. योरिसने काढला असता तर लाटा अशा वेणी घातल्यासारख्या दिसल्या असत्या का? तो जायच्या आधी दहादा सांगून गेला— आल्ये, सोन्यावर रंग धरत नाही, आधी सोनं लाकडापर्यंत खरवड, मग रंगाचा हात दे. मी पाती हातात घेतलीसुद्धा. पण त्या बाईच्या डोक्यामागचं तेजोवलय, आणि मांडीवरच्या लेकराचं ते इवलंसं, बशीएवढं— लेकराच्या डोक्याशी पाती न्यायची कशी? तुम्ही न्याल. तुमच्या माणसांनी देवळात शिडी लावून धडाधड नेलीच होती, शहर नव्या धर्माचं झालं तेव्हा. माझा हात नाही धजला. तसाच रंग फासला वरून. आता वर्षाच्या आत पापुद्रे निघून दोघं उगवलेत.

म्हणजे सांगूनच बसले की मी. जाऊ दे. हो, खाली ती आहे, बाळाला घेतलेली मरियामाता. माझ्या सासऱ्यांनी रंगवलेली, वेदीवरची. तुम्ही लोकांनी फळ्या म्हणून विकलीत, त्यांनी फळ्या म्हणूनच घेतली. आणि मी तिच्यापुढे प्रार्थना नाही करत, लिहून घ्या पाहिजे तर. बोलते फक्त. फेम्मीला खोकला झाला की, वारा फिरला की. बोलायला कोणी नको का? पाद्रीसाहेब म्हणतात थेट देवाशी बोल. बोलले असते, पण त्याच्याकडे सगळे दर्यावर्दी एकदम ओरडत असणार, माझं ऐकू कसं जायचं. हिला निदान मूल आहे. मूल आहे त्या बाईला फार समजावून सांगावं लागत नाही.

उद्या माणसं पाठवता? फळी उतरवून जाळायला. आणि प्रभुभोजनाला मी यायचं नाही. बरं. नेमच आहे तसा. पण उद्यावर कशाला, पाती ही घ्या, इथंच खरवडून बघा, जाळण्याआधी खात्री केलेली बरी. तिथून नको, वरून नको. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करा, ती जाड लाट आहे ना, तिथून.

कारण चित्राचे पैसे ज्या घरानं दिले, त्या घरची माणसं चित्रातच तिथं गुडघे टेकलेली रंगवायचे, आठवतं ना? सासरे सांगायचे— एका तागवाल्याचा मुलगा, सात वर्षांचा, तापानं गेल्यातच जमा. आईनं नवस बोलला, मुलगा उठला तर वेदीला चित्र. मुलगा उठला. नवी पांढरी कॉलर घालून चार दिवस सासऱ्यांपुढे गुडघ्यांवर बसला, सारखा चुळबुळ करायचा, हातात जपमाळ. मागं त्याची आई, खांद्यावर हात ठेवून. ती पुढच्याच हिवाळ्यात गेली, नाही का? सासरे म्हणायचे, रेम्मर्टचे कान रंगवताना हसू आवरत नव्हतं. मी लाट काढली तेव्हा ते कान पाहिलेत, बंधू. तेच आहेत. अजून तेच आहेत.

आईच्या चेहऱ्यावर मी रंगाचा एकच हात दिलाय. तिथं जास्त द्यायला बरं वाटेना. चार-दोन वर्षांत तीही वर येईल, तिच्यापाठोपाठ तुम्ही. जपमाळेसकट.

खरवडा ना.

असं काय बघताय. ठेवा ती पाती, फेम्मी जवळ आहे, लागेल कोणाला तरी. नाही, दुसरी तसबीर नाही तुमच्या आईची, ते ठाऊक आहे मला, उगीच का त्या लाटेवरची धूळ रोज पुसते मी.

फेम्मी, बंधूंची टोपी दे. दोन्ही हातांनी. तुमच्या वहीत काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा— समुद्र लिहा. दोन सूर्य पटत नसतील तर एकच लिहा, मी कुठं वाद घालतेय. आणि जाताना दार ओढून घ्या, वारा आज बंदराकडून आहे, मला जरा या समुद्राकडे बघायचंय.