राजकन्या कशी मेली

मोलजी : पुन्हा चुकलात! ‘आमचे बाबा’ नाही. ‘राजा’ म्हणायचं, नुसतं राजा.

युहे : आणि तुम्ही ‘चुकलात’ नाही, ‘चुकलीस’ म्हणायचं. दाई, तुम्हीच मला पकडून द्याल.

मोलजी : दाई नाही गं, सासूबाई! वीस वर्षं ‘राजकन्या, राजकन्या’ करून जिभेला वळण पडलंय. एका हिवाळ्यात कसं मोडेल?

युहे : आपल्याकडेच का येतोय तो लेखनिक?

मोलजी : देगायाचा राजवाडा आतून पाहिलेली या गावात मी एकटीच उरलेय म्हणून. शिल्लाच्या राजाला जिंकलेल्या राज्याचा, आपल्या देगायाचा, इतिहास लिहून हवाय. कोण कोणाच्या मागून गादीवर बसला, कोणाला किती मुलं.

युहे : राज्य तर गिळलं. आता इतिहास कशाला?

मोलजी : त्यातून जो राजाच्या रक्ताचा निघतो, त्याला गाडीत घालून नेतात. तुमच्या... तुझ्या काकांचं घर नेलं, त्यानंतर काही निरोप आला? हात दाखव.

युहे : माखलेत की चिखलानं.

मोलजी : नखं स्वच्छ आहेत. कुंभाराच्या सुनेची असतात अशी? घाल चिखल. आणि खाली बघून घडा घासत बस. बोलायचं ते मी बोलेन.

(लेखनिक नासुल दारात जोडे काढतो.)

नासुल : येऊ का, आजीबाई? चढ आहे हो तुमच्याकडे. गुडघे बोलायला लागले.

मोलजी : या, बसा. जवाचं गरम पाणी देते.

नासुल : राहू द्या. शेवटच्या राजापासून सुरू करू. त्याची आई कुठली?

मोलजी : डोंगराकडची. लोखंडवाल्यांच्या घरातली.

युहे : नाही, नदीकाठची.

नासुल : ही कोण?

मोलजी : सून माझी. आगाऊ आहे जरा.

नासुल : तुला गं कसं ठाऊक?

युहे : मी... वाड्यावर पाणी भरायला जायचे. तिथल्या बायका बोलायच्या.

मोलजी : बरोबर बोलतेय ती. नदीकाठचीच. म्हातारपण, दुसरं काय!

नासुल : बरं. राजाला मुलगा होता ना एक?

मोलजी : होता. वेशीवर लढता लढता पडला. अंगावर सात जखमा, सगळ्या समोरून. लिहा, समोरून.

नासुल : लिहितो. आणि मुलगी? तू सांग गं, पाणी भरणारी. तू तर तिला पाहिलं असशील.

मोलजी : तिला काय विचारता, मी...

नासुल : आजीबाई, तुम्ही जरा थांबा. बोल.

युहे : मेली.

नासुल : कशी?

युहे : तुमचे... घोडेस्वार आत आले, तेव्हा ती धान्याच्या कोठारात लपली. कोठार पेटलं. छप्पर खाली आलं.

नासुल : प्रेत कोणी पाहिलं?

युहे : ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. एक जोडा मिळाला.

नासुल : कशी होती गं स्वभावानं? दोन शब्द लिहावे लागतात.

युहे : तापट. भात जरा कच्चा राहिला की वाडगा फेकायची. एकदा माझ्या... एका दासीच्या कपाळाला लागला होता. तिच्यासाठी फारसं कोणी रडलं नाही.

नासुल : नाव काय तिचं?

युहे : आम्हाला कोण नाव सांगणार? राजकन्या म्हणायचो.

नासुल : ठीक. ‘एक मुलगी, आगीत वारली.’ झालं. चला आजीबाई, अजून दोन गावं व्हायचीत. सूनबाई, घड्याला तडा गेलाय, किती जोरात घासतेस!

मोलजी : सावकाश उतरा. उतारावर शेवाळ आहे.

युहे : गेला?

मोलजी : पुलापर्यंत पोचला. मागे वळून नाही बघितलं. श्वास घे आता.

युहे : मी मेले, ते ठीक झालं. पण दादा वेशीवर पडला असं का लिहायला लावलंत? तो तर आदल्या दिवशीच घोडा घेऊन पळाला. अख्ख्या वाड्याला माहीत होतं.

मोलजी : मला नव्हतं का माहीत? दूध पाजलंय मी त्याला.