लेआबाई कोणाची मुलगी?

मंडळी, एका कागदाची खरी किंमत सांगतो. दिल्लीच्या वकिलातीच्या चार खेपा, मोझेसकाकांच्या चपलांचे दोन जोड, आणि त्यांची झोप. एवढं देऊनही कागद मिळाला नाही.

प्रेम नगरातले शेजारी, रेल्वेतले जुने सोबती, बडा बाजारातले माझे दुकानदार भाऊ, सगळे काकांना निरोप द्यायला आलात. दुकानात दिवसभर चालणारी ही जीभ आज जड झालीय. सांभाळून घ्या.

काका रेल्वेत गार्ड. झाशीतली ज्यू घरं बोटांवर मोजावीत, त्यातलं एक त्यांचं. घरात मराठी, आमच्यासारखीच. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायचे. हे ज्यू आहेत याला पुरावा लागेल, असं कधी वाटलं होतं का कोणाला?

लागला. नात रिव्का, काकांच्या लेकीची लेक, इस्राएलात, तिचं तिथे लग्न ठरलं. तिथल्या धर्मन्यायालयानं विचारलं, मुलगी जन्मानं ज्यू कशावरून? काकांनी ट्रंक उघडली. वडिलांचे कागद, आजोबांचे, पणजोबांचे. "घे, चार पिढ्या!" मीही कमी नाही. म्हटलं, "काका, आणखी काही लागलं तर आठ दिवसांत आणतो. झाशीत मला न मिळणारा कागद नाही."

उत्तर आलं. हे कागद चालणार नाहीत. धर्म आईकडून येतो. मुलीच्या आजीची आई ज्यू होती, ते दाखवा.

काकांनी कागद ट्रंकेत परत टाकले. "अरे, नाव बापाचं, आडनाव बापाच्या गावाचं. आणि हे विचारतात माझ्या सासूला?"

सासूबाई, लेआबाई, शेवटी काकांकडेच होत्या, इथेच गेल्या. छावणीतल्या कब्रस्तानात आम्ही दोघं गेलो. गवत बाजूला केलं. दगडावर त्यांचं नाव, खाली नवऱ्याचं. बस. कोणाची मुलगी, ते नाही; म्हणजे माहेर ज्यू होतं, याला पुरावा नाही.

काकांनी दगडावरची माती पुसली. म्हणाले, "दगड कोरणाऱ्या कारागिरानं बापाचं नाव विचारलं होतं रे. 'बाबूजी, इनके वालिद का नाम?' मी म्हटलं, शौहर का लिख दो, काफ़ी है. माझी बायको शेजारीच उभी होती. तिला ठाऊक होतं. मी तिला विचारलंच नाही."

आता तीही नाही. विचारणार कोणाला?

मंडळी, मी त्या कायद्याला नावं ठेवत नाही. ज्याचा धर्म, त्याचा कायदा. पण इस्पितळात काका पुटपुटत होते, "माझ्यामुळे पोरीचं अडलं." माझे कान तिखट, मी ऐकलं. ऐकून चहाचं विचारलं. ते टोचतं. "काका, तुमच्यामुळे नाही," एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

रिव्का बेटा, तू इस्राएलातून येऊन समोर बसलीयस, म्हणून खोटा धीर देत नाही. काका, शालोम. राम राम. मंडळी, उठा, दोन मिनिटं शांत उभं राहू. मी आठ दिवस म्हणालो होतो. वर्ष होत आलं. लग्नाची परवानगी आलेली नाही.