कुरुदच्या बायांचे अंगठे

आमचं मूळ गाव वर्ध्याकडचं, पन मी काही तिथं राहिली नाई, आजोबा पोलादाच्या प्लांटमधी लागले तवापासून आमी भिलाईचेच. बाबा पन प्लांटातच क्लार्क, सेक्टर दहामधी क्वार्टर, घरात मराठी अन् दाराबाहेर पाय ठेवला का हिंदी. राज्यशास्त्रात एम.ए. केलं मी, संविधानाच्या पेपरात कॉलेजातून पहिली आली, आईनं साऱ्या लाईनीत पेढे वाटले. अन् त्याच पोरीनं असं करावं, काय सांगू तुमाले, आजही बोलाले लाज वाटते.

नौकरी लागत नव्हती. मंग एका पुढाऱ्याच्या हापिसात लागली, सारे त्याले भैयाजी म्हनत. लोकायचं ऐकाचं, अर्ज लिहाचे. एका म्हातारीचं अडकलेलं राशन कार्ड सोडवून देल्लं तं मी दोन दिवस हवेतच होती, मले वाटे हेच खरं राजकारण, पुस्तकातलं नाई.

एक दिवस भैयाजीनं कागद देल्ला, म्हने कुरुदच्या वस्तीतल्या बायायचे अंगठे घेऊन ये. कुरुद म्हंजे भिलाईच्याच कडेची गरीब वस्ती. मी कागद वाचला. हे लिहा तुमी, वाचला होता मी. वस्तीत एक मोकळी जागा होती, तिथं हँडपंप, बाया तिथंच धुनं धुवत, डाळीच्या बड्या, म्हंजे सांडगे, वाळवत, ती जागा लग्नाच्या हॉलसाठी द्याले आमची हरकत नाई, असं त्यात होतं. मी म्हनलं, भैयाजी, हे बायायले सांगाचं का? तं तो म्हने, सांगून कोन अंगठा देईल बेटा, नल का है बोल दे, नल भी आ ही जाएगा कभी. अन् हसला. मी बी हसली. कावून हसली मी? नाई म्हनाले तोंड नव्हतं का मले? पन नवी नौकरी, त्याच्या नजरेत हुशार दिसाचं होतं, दुसरं काही नाई.

वस्तीत बिसाहिनबाई म्हनून छत्तीसगढी बाई होती, सेक्टरमधी भांडे घासाची, तिचा शब्द सारे मानत. तिनं कागद हातात घेतला, उलटाच धरला, अन् म्हने, का लिखे हे नोनी, पढ़ के सुना तो. नोनी म्हंजे पोरी. मी म्हनलं, नल के आय दाई, नळाचा हाय माय. बस, एवढंच. तिनं अंगठा लावला अन् मांगं वळून बाकीच्यायले म्हने, पढ़े-लिखे नोनी आय, लगा दव. मंग एकीमांगं एक साऱ्यायनं लावले, मी एकेकीचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवून राहिली होती.

काही महिन्यांत भिंत उठली. हँडपंप आत गेला. बाबाच्या कानावर आलं तं जेवता जेवता इचारलं, तुले मालूम होतं? मी हो म्हनलं. बाबा ताटावरून उठले, म्हने, वाचता येत नसतं तुले तं बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नौकरी सोडली अन् कुरुदले गेली, साऱ्या बायायसमोर खरं सांगतलं. वाटलं शिव्या देतीन, मारतीन. बिसाहिनबाई फक्त म्हने, तैं जानत रहे? मी हो म्हनून मान हालवली. तिनं रिकामी बालटी उचलली अन् दुसऱ्या मोहल्ल्यात पान्याले निघून गेली.

मंग मीच तक्रार लिहिली, का अंगठे मी फसवून घेतले, खाली माही सही केली अन् बायायसंग कलेक्टरापुढं उभी राहिली. लय फेऱ्या झाल्या. शेवटी भिंतीले एक फाटक लागलं, सकाळ-संध्याकाळ पान्यासाठी उघडते. तेवढंच. हॉल झालाच, लग्नं लागून राहिलीत तिथं.

आता मी मोहन नगरात एका शाळेत शिकवते, अन् रविवारी कुरुदले जाऊन बायायचे अर्ज लिहून देते. बिसाहिनबाई चहा पाजते, नोनीच म्हनते, अर्ज पन माह्याकूनच लिहून घेते. पन लिहून झाला का कागदाची घडी करते, आंगनवाडीच्या मॅडमकडं नेते, शब्दन् शब्द वाचून घेते, मंगच अंगठा लावते. मी तवर तिच्या ओट्यावर बसून राहते. बरोबर हाय तिचं. देव तिले तशीच ठेवो.