मिठानं खाल्लेली उतरंड

माझं माहेर माणगावाकडचं, डोंगराच्या कुशीतलं, भाताचं गाव, आणि मला दिली थळच्या बाजूला, जिथं वारासुद्धा खारट, म्हणजे बघा, पहिल्या दिवसापासून माझ्या नशिबात मीठच लिहिलेलं. लिहून घ्या मास्तरीणबाई, पण मला शहाणी करून लिहू नका. तेरा-चौदा वर्षांची होते, आणि तेवढ्या अंगात मावणार नाही एवढी अक्कल मला आहे असं मला वाटायचं. त्या पोरीला आज मी रस्त्यात भेटले तर आधी एक कानाखाली देईन आणि मग नाव विचारीन.

आल्या आल्या काय केलं म्हणाल, तर पहिल्याच रात्री पंगतीत सुकटीचं कालवण पानात पडलं, आणि माझी मोठी नणंद सहज म्हणाली, कसं झालंय गं, आणि ही बया, म्हणजे मी, म्हणते, बरं हाय, पण ह्या मसाल्याला वास न्हाय, आमच्याकडं वास येतो. पंगत गार. मसाला सासूबाईंनी स्वतः कांडलेला, वर्षाचा, चैत्रात मिरची वाळवून, उखळाशी आठ दिवस घालवून. आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चुलीपाशी मनी नावाचं मांजर बसलं होतं, त्याला म्हणाल्या, मने, माणगावची सुगंधी फुलं आलीत गं आपल्याकडं. झालं. त्या दिवसापासून दोन वर्षं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, मी त्यांच्याशी बोलले नाही, जे काय असेल ते मनीला सांगायचं. मने, पाणी आणायला कुणी जाणार हाय का. मने, सांग, कुणीतरी आत्ताच जाऊन आलंय, डोळे फुटले असतील तर हंडा चाचपून बघा. मांजर बिचारं दोघींकडं मान वळवून दमायचं.

आता उतरंडीचं सांगते. कोपऱ्यात गवताच्या चुंबळीवर पाच मडकी एकावर एक. तळाला वर्षाचा मसाला, त्यावर हळद, मग धने, मग आमसुलं, आणि डोक्यावर मोहरी-मेथीचं बोळकं. मीठ मात्र उतरंडीत नाही, ते बाजूला फणसाच्या लाकडाच्या दोणीत, काळीकुट्ट कुरूप दोण, चुलीजवळची निम्मी जागा अडवून बसलेली. मसाला तळाला का, तर चारी मडकी उतरवल्याशिवाय कुणाचा हात पोचू नये म्हणून. सकाळी आत्याबाई स्वतः उतरंड काढायच्या, करवंटीत मसाला घ्यायच्या, वरून बोटानं सपाट करायच्या आणि चुलीपाशी आपटायच्या. माझ्या हातात नाही, जमिनीवर. आणि मी मनाशी शपथ घेतलेली, मरेन, पण या बाईकडं मसाला मागणार नाही.

मग ते साल आलं, मिठापायी लोक खाडीवर जाऊन लाठ्या खात होते ते. आत्याबाई वैशाखात शेजारणींबरोबर शिडाच्या मचव्यानं हरिहरेश्वराला गेल्या, सात दिवस. मी म्हटलं, आता राज्य माझं. माझा बाप माणगावच्या बाजारात पोती रचायचा, जड पोतं खाली, हलकं वर, हे एवढंच मला जगाचं ज्ञान. मी अख्खी उतरंड मोडली. मीठ सगळ्यांत जड, म्हणून एक मोठं मडकं मिठानं भरून तळाला, मधे हळद-धने वगैरे, आणि मसाला सगळ्यांत वर, माझ्या हाताशी, राणीसारखा. दोण नेऊन गोठ्यात फेकली. आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिले. काय सांगू तुम्हाला, गावातल्या चार बायांना बोलावून दाखवलं सुद्धा. त्यातली एक म्हातारी काहीतरी बोलणार होती, पण माझा तोरा बघून पदर तोंडाला लावून निघून गेली.

आत्याबाई आल्या. उतरंडीकडं पाहिलं, खालपासून वर, वरून खाली. मला वाटलं आता आग लागणार. तर बाई हसल्या. मनीला म्हणाल्या, बरं केलं गं, आता मसाला जिनं रचला तीच देईल, माझे हात दुखतात. दोन वर्षांत पहिल्यांदा करवंटी माझ्याकडं सरकवली. मी ती छातीशी धरली, जिंकले म्हणून. माझ्यासारखी मूर्ख त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

पाऊस लागला. लावणीला मी रोज शेतात. मसाल्याचं मडकं जरा लवकर रितं होतंय असं वाटायचं, पण मी समजले, माझाच हात सैल. तळाच्या मडक्यावर पांढरी पांढरी साय यायला लागली, मला वाटलं धूळ. म्हणून मी काय करायची, रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची. ओल्या! आत्याबाई चुलीपाशी बसून मनीला गोंजारायच्या आणि म्हणायच्या, पूस गं पूस, चकचकीत दिसलं पाहिजे.

आषाढ सरता सरता एका सकाळी मी वरचा मसाला काढायला हात लावला आणि तळाच्या मडक्याचा एक पापुद्रा सुटला, मग दुसरा, आणि बूड भाकरीसारखं विरघळून बसलं. वरची पाचही मडकी माझ्या अंगावरून खाली. चिखलमिठात लाल मसाला, वर हळद, आणि मधे मी, होळीतल्या सोंगासारखी. आत्याबाई दारात आल्या, पाहिलं, म्हणाल्या, मने, बाजूला हो, पाय भरतील.

बाहेर पावसाची झड, मिरची वाळवायला ऊन नाही. शेजारी मागावं तर गावभर बोंब. आठ दिवस आमच्या घरात मीठ-भात आणि पांचट कालवण. आमचे हे दोन घास खाऊन उठायचे, त्यापेक्षा मारलं असतं तर बरं. आत्याबाईसुद्धा तेच खायच्या, पण अशा चवीनं, जणू पुरणपोळी. बाईनं कुठंतरी मसाला राखलाय असा मला संशय येत होता, पण मी शपथ सोडली नाही.

नवव्या दिवशी माझा भाऊ आला, नागपंचमीला माहेरी न्यायला. ओटीवर बसला. वाल मोडाचे तयार, बिरडं करायचं, आणि मसाला नाही. हा घरी जाऊन आईला सांगणार, आपल्या सुगरणीनं वर्षाचा मसाला मातीत घातला. मी चुलीपाशी उभी राहिले आणि म्हटलं, आत्याबाई, मसाला असला तर द्या.

त्या मनीला म्हणाल्या, कुणी काय बोललं काय गं?

आत्याबाई, मसाला द्या.

पाऊस फार हाय, ऐकू येत न्हाय.

तिसऱ्यांदा मी ओरडले, ओटीवर भावाला ऐकू गेलं असेल एवढ्यानं. मग त्या उठल्या, भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि फडक्यानं बांधलेलं बोळकं वर काढलं. आमचाच मसाला, सुका, लालभडक. मी शेतात असताना थोडा थोडा काढून ठेवलेला. माझ्या तोंडून निघून गेलं, तुम्हाला माहीत होतं?

आणि तेव्हा बाई पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या. व्हय, माहीत होतं. मीठ मडकं खातं, हे माझ्या सासूनं मला सांगितलं न्हवतं, मी तुला का सांगू? फडकं सोडलं, बोळकं माझ्या नाकाशी धरलं. वास येतो?

मी म्हटलं, येतो.

मोठ्यानं.

येतो, आत्याबाई.

तुम्हाला वाटत असेल, मग आमचं गूळपीठ झालं. कुठलं! गोठ्यातली दोण मीच धुऊन आणली, उतरंड होती तशी लागली, आणि त्या जाईपर्यंत आम्ही मनीच्या पोरींमार्फतच भांडलो. फक्त दोणीला मी पुन्हा कधी कुरूप म्हटलं नाही.

आता नातसून आलीय. तिनं सगळा मसाला काचेच्या बरण्यांत भरून खिडकीत मांडलाय, ऐन उन्हात, ओळीनं, आणि मला म्हणते, आजी, तुमचा मसाला जरा जुनाट वासाचा आहे, नाही? हळद आत्ताच फिकी पडायला लागलीय. मी बघते आणि म्हणते, छान दिसतंय गं. अर्धा मसाला तांदळाच्या डब्यात तळाला आहे, हे लिहू नका. देव तिला उदंड आयुष्य देवो, आणि मला ती मागायला येईपर्यंतचं.