फ्रिजच्या दाराचं ठिगळ

—तर रंगाऱ्याकडे जा ना, खलफान! ही शेखा पत्रा जोडते, गंजाला पावडर-लाली लावत नाही. बस तिथे. कॉफी घे. पुरे झाली की पेला हलव, तोवर मी ओतणार—आणि बोलणारही. काय दशा केलीस रे पिकअपच्या हौद्याची? होडी ओढायला गाडी मागच्या मागे समुद्रात घालता—तू एकटाच का, सगळा सूर गावचा किनाराच तसला—पण नंतर गोड्या पाण्याने धुवायला हात झडतात? वर हा गालिचा! तारली मासळीला पत्र्याचा चटका बसू नये म्हणून? बायकोचे इतके लाड करत असशील तर शपथ! अरे, गालिच्यात मुरलेलं मीठ खाली पत्रा खातंय. हा बघ, हातोडीचा एकच टोला—आरपार! हो, हो, परवा हंगाम सुरू होतोय, गाडी नसली तर होडी वाळूतच बसेल, ठाऊक आहे मला. आणि हे जुनं ठिगळ कुणा गाढवाने मारलंय? खालचा गंज कापलाच नाही, वरून पत्रा डकवून मोकळा! दोन पत्र्यांमध्ये खारं पाणी कोंडलं, वर्षानुवर्षं कुजवत बसलं—काय? अकरा वर्षांपूर्वी? माझ्या मुहन्नाने? जीभ आवर! माझ्या नवऱ्याने असलं काम जन्मात—

थांब. ही दोन भोकं. इथे मूठ होती. आमच्या फ्रिजच्या दाराची.

हं.

मुहन्नाने नाही रे. त्या वर्षी त्याचे डोळे गेले होते. वेल्डिंगचा काळा चष्मा चढवून तो दारात बसायचा, गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचा, आणि आत मी—शिकले कुणाकडे? कुणाकडे नाही, हात भाजून घेऊन शिकले. हे माझं पहिलं ठिगळ. तुझ्या बापाने मुहन्नाचे हात धरले—'असे हात साऱ्या किनाऱ्यावर नाहीत!' मुहन्ना हसला. कितीतरी महिन्यांनी हसला—मग मी कशाला तोंड उघडू? आजवर नाही उघडलं. आणि आज तुझ्यासारख्या—दात काढू नकोस!

किल्ली ठेव. कुजलेलं सगळं कापणार, निरोगी पत्रा लागेपर्यंत. परवा पहाटे गाडी ने. आणि बाप विचारेलच तुझा, जुनं काम कच्चं कुणी केलं म्हणून—शेखाने, म्हणावं. मुहन्नाचं नाव घेतलंस तर हीच हातोडी तुझ्या टाळक्यात. कळलं?

पेला काय पुढे करतोस अजून? हलव तो. ऊठ आता.